लाळेवर लावलेली पैज

"आधी तुम्ही थुंका," मी म्हणाले.

"तू थुंक. मला कुणी बघत असलं की येत नाही," ती म्हणाली आणि नळी पदराआड धरून मोरीकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांनी त्यांची नळी केव्हाच भरून खिडकीत ठेवली होती, वर फेसाची टोपी. मीही चिंच आठवून आठवून माझी काठोकाठ भरली. ती मात्र उभीच. ब्रश नाही, चूळ नाही, चहा नाही असा दंडक होता, त्यामुळे बाबा चहावाचून येरझाऱ्या घालत होते.

"अगं उज्ज्वला, थुंकायचंय फक्त. बोर्डाची परीक्षा नाही ती."

"तुम्ही बाहेर जा बघू."

बाबा गेले. मी गेले नाही. दाराला टेकून बघत राहिले, कारण नळी तिच्या हातात होती आणि तिच्या हातात काहीही असलं की मी बघत राहायचे. शेवटी तळाशी जेमतेम ओलं दिसेल एवढं तिने जमवलं, तिन्ही नळ्यांना झाकणं लावली, पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "मी देते शाळेत नेऊन. वाटेतच गिरणी आहे."

"मी नेते की."

"तुझ्या दप्तरात सांडतील."

झालं. माझी लाळ तिच्या पिशवीत गेली.

मी तेव्हा आठवीत होते. आता अकरावीत सायन्सला आहे, म्हणून हे सगळं ठसक्यात सांगू शकते. तेव्हा जंतू म्हणजे साबणाच्या जाहिरातीत मरतात ते, एवढंच मला माहीत होतं. विट्यातल्या आमच्या शाळेत एका दंत महाविद्यालयातल्या कोटणीस मॅडम आल्या होत्या. त्यांना तीस घरांची लाळ हवी होती. हे वाक्य ऐकून वर्ग बाकावर लोळून हसला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हसा. हसल्यावर जास्त सुटते."

त्यांनी सांगितलं, प्रत्येकाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू असतात, शिवाय अंगातली कितीतरी रसायनं लाळेत उतरतात. माणूस किती वर्षांचा, तंबाखू खातो का, झोपतो किती, चिडका की शांत, भित्रा की धीट, याच्या खुणा तिथे सापडतात का ते त्यांना बघायचं होतं. प्रत्येक माणसाचा पडद्यावर एक ठिपका होणार. ज्यांच्या तोंडात सारखी वस्ती, त्यांचे ठिपके जवळ जवळ.

"आणि एका घरात राहून एकमेकांचं उष्टंमाष्टं खाणाऱ्यांचे ठिपके बहुतेक शेजारी पडतात," मॅडम म्हणाल्या. "रक्ताचं नातं असो नाहीतर नसो."

माझ्या शेजारी बसलेल्या सुहाना मुलाणीने हात वर केला. आम्ही दोघी रोज पेरू, आवळा, जे असेल ते ओढणीच्या टोकात धरून वाटून खायचो. "मॅडम, चिमणीच्या दातांनी खाल्लं तर? मध्ये कापड असतं. ते उष्टं होत नाही ना?"

"जंतूंना ओढणी कळत नाही," मॅडम म्हणाल्या.

सुहानाने माझ्याकडे आणि मी तिच्याकडे बघितलं. बालवाडीपासूनचा आमचा कायदा एका वाक्यात खलास झाला होता. पण माझं डोकं दुसऱ्याच शब्दावर अडकलं होतं. उष्टं. उष्टं हा शब्द आमच्या घरात फार मोठा होता.

उज्ज्वला माळकरी घरातली. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी वर्ज्य, आणि उष्ट्याचा तर असा विटाळ की पाणीसुद्धा तांब्या उंच धरून वरून धार सोडून प्यायची. बाबांनी एकदा अर्धा खाल्लेला लाडू तिच्यापुढे केला तर तिने हात मागे घेतला. "देवा, उष्टं नको." माझी आई गेली तेव्हा मी तिसरीत होते, ही आली तेव्हा सातवीत. तिला मी कशानेच हाक मारत नव्हते. बँकेतल्या बाईशी बोलावं तसं 'अहो' आणि 'तुम्ही' एवढ्यावर भागवायचे, आणि मला मिरजेला मामाकडे राहायला जायचं होतं.

नळ्या गेल्या त्या दिवशी चहा पिताना मी विषय काढला.

"बाबा, त्या ठिपक्यांत माझा ठिपका बघा कसा लांब पडतो. मी या घरातली नाहीच मुळी."

"मिरजेचं खूळ अजून डोक्यातून गेलं नाही व्हय तुझ्या?"

"मामा न्यायला तयार आहे. मामीपण."

"आणि ठिपका जवळ पडला तर?"

"तर मिरजेचं नाव काढणार नाही."

"आणि लांब पडला तर दिवाळीला मामासंगं जा. मी सोता दाखला काढून देतो." बाबा एसटीत चालक. मुक्कामाची गाडी घेऊन जायचे, दोन दोन दिवस घरी नसायचे, आणि घरी असले की सगळ्याची गंमत करायचे. "उज्ज्वला, ऐकलंस का, लाळेवर पैज लागली आपल्यात."

ती चुलीपुढे पाठमोरी होती. "ऐकलं," म्हणाली. तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही. घरभर करपल्याचा वास सुटला तेव्हा बाबांनीच उठून उलटली.

आता माझ्या संशयाचं सांगते, कारण तो काही उगाच नव्हता.

ती आली त्या पहिल्या दिवसापासून मी शाळेतून डबा अर्धा तसाच परत आणायचे. मुद्दाम. ती बाबांकडे तक्रार करेल, बाबा मला बोलतील, मी रडेन, आणि मग मामाला फोन करायला कारण मिळेल, असा माझा बेत होता. पण तिने कधी तक्रारच केली नाही. संध्याकाळी डबा घासून पालथा घातलेला असायचा. बाबांना अर्ध्या डब्याची गंधवार्ता नाही. कुणी आपल्याविरुद्ध काहीच बोलत नाही यासारखी संशयास्पद गोष्ट नसते.

त्याहून विचित्र म्हणजे भाज्या बदलायला लागल्या. मी मटकीच्या उसळीतले खोबऱ्याचे काप बाजूला काढायचे. काही दिवसांनी काप गेले, किसलेलं खोबरं आलं. दोडक्यातले अख्खे शेंगदाणे मला दातांत नको व्हायचे. शेंगदाण्यांचं कूट झालं. कारलं एकदा आलं, पुन्हा आलंच नाही. मी घरात चकार शब्द बोलले नव्हते. म्हणजे शाळेतून कुणीतरी बातम्या पुरवत होतं, आणि डबा खाताना माझ्या शेजारी एकच माणूस बसायचं.

"तू तिला सांगतेस," मी सुहानाला म्हणाले.

"काय?"

"मी डब्यात काय ठेवते ते. तुझी अम्मी आणि ती एकाच गिरणीत जातात. मला सगळं ठाऊक आहे."

"तेजे, डोकं फिरलंय तुझं. मला काय मिळणार त्यातून?"

"लाडू."

"लाडू मिळत असतील तर सांगितलं असतं की. आधी का नाही बोललीस?"

मी तिची परीक्षा घेतली. मेथी मला अजिबात आवडत नाही असं तिला खोटंच सांगितलं. मेथी मंगळवारी नेहमीसारखी डब्यात आली. त्यावरून सुहाना निर्दोष आहे असं कुणीही म्हटलं असतं. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे, मुद्दाम पोहोचवलं नाही.

फक्त एक पदार्थ सुधारत नव्हता. अंगात रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी मला अंडी खायला सांगितली होती. दर बुधवारी ती परसात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या कढईत, नाकाला पदर लावून भुर्जी करायची, आणि ती भुर्जी खारट असायची. पहिल्या बुधवारी खारट, सहा महिन्यांनी खारट, वर्षानंतरही खारट. बाकी सगळं माझ्या मनासारखं होतंय आणि भुर्जी तेवढी नाही, याचा अर्थ मला एकच लागला. हे मुद्दाम आहे.

सहामाही परीक्षा संपली त्या शनिवारी मॅडम ठिपके घेऊन आल्या. मामा दुपारच्या गाडीने येणार होता. माझी बॅग भरून पलंगाखाली होती. बाबा कराडच्या गाडीवर गेले होते, संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. हॉलमध्ये पालकांनाही बोलावलं होतं. ती आली आणि मागच्या रांगेत सुहानाच्या अम्मीजवळ बसली.

पडद्यावर ठिपके उमटले. नावं नव्हती, नुसते नंबर. आपला नंबर ज्याचा त्याला माहीत. प्रत्येक घरात वडील क, आई ख आणि मूल ग. आमचं घर चौदा. बाबा चौदा-क, ती चौदा-ख, मी चौदा-ग.

"हा कोपरा बघा," मॅडम म्हणाल्या. "हे तंबाखूवाले. घर कुठलंही असो, तंबाखूवाल्यांची तोंडं एकमेकांसारखी होत जातात. यांनी आपली वेगळीच वसाहत केली आहे."

लोक हसले. मीही हसले आणि मग मला वसाहतीच्या अगदी मधोमध चौदा-क दिसला. बाबांनी लग्नात तिच्या माळेवर हात ठेवून तंबाखू सोडली होती. मी मान वळवून मागे बघितलं. तीही पडद्याच्या त्याच कोपऱ्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून.

"काही नळ्या जवळजवळ रिकाम्या आल्या," मॅडम पुढे सांगत होत्या. "त्यात त्या माणसांची चूक नाही. भीती वाटली की तोंडाला कोरड पडते. समोर डॉक्टर असो, पोलीस असो, नाहीतर घरातलंच कुणी असो."

ते मी अर्धवट ऐकलं, कारण मी चौदा-ग शोधत होते. सापडला. एकटा नव्हता. त्याला चिकटून, जवळजवळ अंगावर चढून, चौदा-ख बसला होता. सख्ख्या मायलेकरांच्या कितीतरी जोड्या त्या पडद्यावर होत्या आणि त्यांच्यात आमच्यापेक्षा जास्त अंतर होतं.

"हरलीस," सुहाना कुजबुजली.

"फसवलं," मी म्हणाले.

लोक उठले तशी मी थेट मॅडमपाशी गेले. "मॅडम, चौदा नंबरात गडबड आहे. नळ्या मी दिलेल्या नाहीत. वाटेत कुणीतरी एकातलं दुसऱ्यात ओतलं असणार."

मॅडमनी चष्मा वर केला. "ओतलं असतं तर मला कळलं असतं. ही दोन वेगळी तोंडं आहेत, एक मोठ्या बाईचं, एक मुलीचं. पण शेजार फार जुना दिसतो. एका ताटात जेवता?"

"नाही."

"एका बाटलीतून पाणी?"

"ती वरून पिते. उष्टं चालतच नाही तिला. माळकरी आहे."

"मग तुझं उष्टं खाते का?"

"माझं उष्टं फेकलं जातं, मॅडम."

"फेकताना बघितलंयस?"

डबा ओट्यावर ठेवणं आणि डबा घासलेला दिसणं, यामधलं मी कधीच काही बघितलं नव्हतं. सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या मी, नेमकं तेवढंच सोडलं होतं.

"नाही ना," मॅडम म्हणाल्या. "मग मला विचारू नकोस. मी फक्त ठिपके काढते."

घरी गेले तेव्हा ती पुढे येऊन पोहोचली होती. मी डबा ओट्यावर ठेवला. आत दीड चपाती आणि दोडक्याची भाजी होती, झाकणाच्या कडेला मी काढून ठेवलेले मिरचीचे तुकडे.

"मामा येईपर्यंत सुहानाकडे जाते," मी म्हणाले.

"बरं. ठिपके…" ती काहीतरी बोलणार होती.

"येते मी."

बाहेर पडले, सुहानाला तिच्या दारातून ओढलं आणि वळसा घालून आमच्या परसात आले. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीखाली पाण्याचं बॅरल आहे. त्याच्या आड आम्ही दोघी दबा धरून बसलो.

"मला कशाला आणलंस?" सुहाना म्हणाली.

"साक्षीदार. ती डबा कुणाला देते ते बघायचंय. एखाद्या शेजारणीच्या पोराला देत असेल, ते पोर माझ्या बाटलीला तोंड लावत असेल…"

"आणि मग ते पोर हिच्या तोंडात थुंकत असेल. तेजे, बोलण्याआधी विचार करत जा."

"गप."

खिडकीच्या जाळीतून आतलं दिसत होतं. ती आली, दाराची कडी लागली आहे का बघून घेतली. मग डबा घेऊन जमिनीवर बसली. झाकण उघडलं. थोडा वेळ नुसतीच डब्याकडे बघत राहिली, एखादी मास्तरीण पेपर बघते तशी. काढून ठेवलेले मिरचीचे तुकडे बोटाने चाळले. मग तिने गळ्यातली माळ दोन्ही हातांनी उचलली आणि मागे पाठीवर टाकली, देवाच्या तसबिरीवर पदर टाकावा तशी. आणि मी जिथे तोडून ठेवली होती तिथूनच चपातीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.

डोळे मिटून सावकाश चावला. उठली, मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ तळहातावर घेतलं, दुसऱ्या घासाला लावून चाखलं. मान हलवली. तिसरा घास. चौथा. दीड चपाती संपत येईपर्यंत ती तशीच बसून होती, मधेच थांबून काहीतरी मनाशी जुळवत.

माझ्या मांडीला मुंगी चावत होती. मी हलले नाही.

"माझ्यावर संशय घेतलास," सुहाना माझ्या कानाशी म्हणाली. "दोन पेरू लागतील. आणि ओढणीबिढणी नको मध्ये. अख्खे दोन." मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बॅरलमागून सरकत सरकत निघून गेली.

मी पुढच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली. आत भांड्याचा आवाज झाला. तिने दार उघडलं तेव्हा डबा पाठीमागे होता आणि माळ अजून पाठीवरच.

"मामा आला?"

"नाही."

मी आत गेले. तिच्या मागे जाऊन बघितलं. डब्यात आता एकच घास उरला होता, भाजीने माखलेला.

"फेकायचं जिवावर येतं बाई," ती घाईघाईने म्हणाली. "अन्न आहे शेवटी."

"रोज?"

तिने पदराने बोटं पुसली.

"रोज खाता? पहिल्यापासून?"

"तू सांगत नव्हतीस ना काही," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "काय आवडतं, काय नाही. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, पोरगी सगळं खाते. मग म्हटलं डब्यालाच विचारावं. चव घेतल्याशिवाय कसं कळणार, मीठ कमी पडतंय की तेल जास्त होतंय."

"आणि भुर्जी?"

"ती कशी चाखू मी? तेवढं नाही जमलं." मग थांबून विचारलं, "का? बरी नसते?"

"खारट असते."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून."

तिने कपाळावर हात मारला. खरोखर मारला, फट्कन आवाज आला. "आणि तू खात राहिलीस?"

"राहिले."

बाहेर रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. तिने पाठीवरची माळ पुढे ओढून घेतली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे न बघता भराभर बोलायला लागली.

"हे बघ, ठिपके बघितले मी. तुला वाटत असेल आता पैज हरलो, अडकलो. तसं काही मनात धरू नकोस. तुला जायचंय तर जा. हे कुठं आले होते हॉलमधी बघायला? मी सांगते ह्यांना, लांब होते ठिपके. चांगले लांब होते."

"खोटं सांगणार?"

"सांगते की. त्यांनी काय कमी सांगितलंय," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा मला तिचे ओठ हॉलमध्ये का मिटले होते ते नीट कळलं.

मी खाली बसले. तिच्या हातातला डबा घेतला, त्यातला शेवटचा घास उचलला.

"अगं, ते उष्टं आहे," ती दचकून म्हणाली. "मी तोंड लावलंय त्याला."

"आधी मी लावलं होतं."

घास तोंडात घातला. दोडका थंड झाला होता. मीठ खरंच किंचित कमी होतं. "चिमूटभर हवं होतं," मी म्हणाले. "तुझं बरोबर होतं."

ती ओट्याला धरून उभी राहिली.

"तेजल," दारातून मामाची हाक आली, "झाली का तयारी? रिक्षा थांबवून ठेवलीय मी."

तोंडात घास होता. मी तो आधी सावकाश चावला, गिळला.

"सोडून दे रिक्षा," मी आतूनच सांगितलं. "हातपाय धू आणि बस, मामा. बाबा येऊ देत ड्यूटीवरून. आम्हाला दोघींना त्यांच्याशी जरा बोलायचंय."